जुनी पिकअप घेताना पहिला प्रश्न: हिनं आजवर काय वाहिलं?

आमच्याकडं कुणी जुनी पिकअप दारात आणून लावली की बघायला आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो, मग दार आपटून बघतो आणि मग विचारतो, “केवढ्याला बसली?” ही गाडी आजवर काय भरून फिरली, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. माझी पहिली पिकअप किनाऱ्याकडून आलेली. आतून-बाहेरून नवा पांढरा रंग, टायर काळेभोर. पहिल्याच पावसाळ्यात जांबोटीच्या अलीकडं, कोबीची पोती भरलेली असताना हौद्याचा पत्रा फाटला आणि एक पोतं थेट चाकावर जाऊन बसलं. मिस्त्री खाली वाकला, पत्र्याचा पोपडा बोटानं काढून त्याचा वास घेतला आणि म्हणाला, “मालक, मासळीची गाडी हाय ही.” खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं सगळं रंगाखाली झाकलं होतं.

त्यानंतर दोन गाड्या घेतल्या आणि ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांबरोबर गाडी बघायला गेलो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांना पहिलीच जुनी पिकअप काढायची आहे आणि हातात जेमतेम तीन-साडेतीन लाख आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडं सहा-सात लाख आहेत त्यांनी सरळ शोरूमचा रस्ता धरावा.

आधी काम ठरवा

गाडी आवडली म्हणून घेऊ नका. रोज काय भरणार, किती भरणार आणि कुठल्या रस्त्यानं जाणार, हे कागदावर लिहा.

बेळगावच्या बाजारातून शहापूर, वडगाव, टिळकवाडीच्या दुकानांना माल पोचवायचा असेल, पाण्याचे जार किंवा किराणा असेल, तर टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती पुरतो. २००५ पासून तो रस्त्यावर आहे, सुट्या भागांची ददात नाही. पण डिझेल एसचं जुनं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं. पाऊण टन भरून तो सपाटीवर गुमान पळतो. तोच माल घेऊन चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट रोज चढवायला लावलात, तर तुम्ही गाडीचा जीव घेणार आणि गाडी तुमचा.

घाटाचं काम असेल तर महिंद्रा बोलेरो पिकअप बघा. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मॉडेलप्रमाणं सव्वा ते पावणेदोन टनांपर्यंत माल. मायलेज फार नाही आणि बसायला बैलगाडीच. पण कणकुंबीपासून निपाणीपर्यंत कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री ती डोळे झाकून उघडतो, म्हणून माझं मत तिलाच. मधल्या वजनाला अशोक लेलँडचा दोस्त चांगला: तीन सिलिंडर, दीड लिटर, चालवायला मोटारीसारखा हलका. तो घेणार असाल तर आपल्या गावाजवळ त्याचा जाणता मिस्त्री आहे का, एवढं आधी बघून ठेवा. टाटा २०७ अजून विकायला येते. तिचा लोखंडी सांगाडा बघून मोह होतो, पण वय फार झालेलं असतं. नव्या माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या कडक नियमातल्या) गाड्या या बजेटात क्वचित बसतात. बसल्याच तर इतक्या स्वस्त का, ते विचारा. त्यांच्या सायलेन्सरच्या यंत्रणेत आणि सेन्सरमध्ये काही बिघडलं तर झाडाखालच्या मिस्त्रीचं काम नसतं. आपल्या खिशाला २०१४ ते २०१९ च्या दरम्यानची गाडी बरी.

वजनाशी निगडित एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणं मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. सीमेवर राहून आज चंदगड, उद्या सावंतवाडी, परवा गोवा करणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. बोलेरो पिकअपची काही मॉडेल्स या रेषेच्या आत आहेत, काही बाहेर. तेव्हा नावावर जाऊ नका, आरसीतला आकडा वाचा. लायसन्सची धास्तीही नको: साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

साडेतीन लाख म्हणजे साडेतीनची गाडी नव्हे

हातात साडेतीन असतील तर पावणेतीनपर्यंतचीच गाडी बघा. उरलेले खर्च होणारच आहेत. विम्याचंच घ्या: साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणं १६,०४९ रुपये, वर कर वेगळा. मग टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ऑइल, नाव बदलण्याचा खर्च, ताडपत्री, दोरखंड. सगळी पुंजी सौद्यातच ओतलेला माणूस पहिल्या महिन्यात सावकाराच्या दारात जातो. माझ्या बघण्यातले दोघं गेले.

केए की एमएच?

सीमाभागात राहण्याची ही खास डोकेदुखी. बेळगावची केए-२२, चिकोडीची केए-२३, बैलहोंगलची केए-२४, गोकाकची केए-४९. तासाभराच्या अंतरावर गडहिंग्लज-कोल्हापूरकडची एमएच-०९, घाटाखाली सिंधुदुर्गची एमएच-०७ आणि पलीकडं गोव्याची जीए. भाषा एक, पाहुणे एक, त्यामुळं “पलीकडं वीस हजारांनी स्वस्त मिळते की” असं सांगणारा मामा प्रत्येक घरात असतो.

मामांना सांगा, हिशेब पुरा करू. परराज्यातली गाडी आपल्या नावावर करून कर्नाटकात कायम चालवायची तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र (फॉर्म २८), इकडं नवा नंबर आणि कर्नाटकाचा रस्ता कर लागतो. गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, असा कायदा आहे. कर किती पडेल ते गाडीच्या वजनावर आणि वयावर ठरतं. आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा आणि सौद्याआधीच आकडा काढून घ्या. बहुतेक वेळा वाचलेले वीस हजार तिथंच संपतात. पहिल्याच खेपेला केए नंबरचीच गाडी घ्या, असं माझं सांगणं.

विकणारा बैलहोंगल-गोकाककडचा असेल तर कन्नड येणारा मित्र बरोबर न्या. मराठीही समजते त्यांना, पण “स्वल्प कम्मी माड्री” हे त्यांच्या भाषेत म्हटलं की माणूस हसतो आणि हसणारा माणूस थोडं सोडतो. शिवाय बाँडचा (विक्रीच्या कराराचा) कागद कन्नडात असतो. तो वाचून, समजून घेतल्याशिवाय सही नको.

आता मुख्य प्रश्न

दोन गाड्या एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या, मीटरवर सारखेच किलोमीटर. एकीनं बेळगावातल्या दुकानाचा कपड्याचा माल वाहिला, दुसरीनं उद्यमबागेतल्या फौंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंड. किंमत सारखी सांगतील. गाड्या सारख्या नाहीत.

फौंड्रीचा माल दिसायला थोडका आणि वजनाला राक्षस. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मात्र उलटे झालेले असतात. अशी गाडी मागून बसते. मालक वरून जादा पाटे घालतो, मग तो भार चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) आणि हाउसिंगवर (मागच्या ॲक्सलच्या पेटीवर) जातो. मी फौंड्रीची गाडी फुकट दिली तरी विचार करीन. खानापूर भागातल्या वीटभट्टीवरच्या गाडीचीही तीच गत, वर लाल धूळ. ती एअर फिल्टरमधून इंजिनात जाते आणि शेताच्या बांधांवरून वाकडीतिकडी चालून चासीला पीळ बसतो.

मासळीचं सांगितलंच. फक्त मासळीच नव्हे, मालवण, वेंगुर्ला, कारवार, गोवा या बाजूला राहिलेल्या कुठल्याही गाडीच्या पोटाखाली आधी बघा. कोंबड्यांच्या गाडीतही विष्ठेनं हौदा सडतो आणि वास सीटमधून वर्षभर जात नाही. बायको बसत नाही गाडीत.

दुधाच्या गाडीला लोक नाक मुरडतात, कारण मीटर भरमसाट फिरलेलं असतं. मला ती आवडते. दूध थांबत नाही, म्हणून गाडीही थांबवून चालत नाही. ऑइल वेळेवर, क्लच वेळेवर, खरखर ऐकू आली की त्याच दिवशी मिस्त्रीकडं. वजन बेताचं, रस्ता ठरलेला, बहुधा ड्रायव्हरही एकच. फक्त रोजच्या धुण्यानं कोपऱ्यात गंज धरलाय का ते बघायचं. माझी दुसरी गाडी निपाणीजवळच्या एका दूधवाल्याची, मीटर दोन लाखांच्या पुढं होतं. तिनं मला सगळ्यांत कमी रडवलं.

मंडपवाल्याची गाडी हे वेगळंच प्रकरण. लग्नसराईपुरती चालते, म्हणून किलोमीटर खरोखर कमी. पण बाकीचे महिने उघड्यावर पावसात उभी. इंजिन टवटवीत, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ब्रेक जाम आणि पाइप टेकवून टेकवून केबिनच्या टपाला पोचे. स्वस्तात मिळाली आणि वायरमन ओळखीचा असेल तर घ्यायला हरकत नाही. भाजीपाल्याची गाडी ठीकठाक, पण रात्रीचा गोवा करणारी असेल तर घाटानं ब्रेक आणि क्लच खाल्लेला असतो, तेवढे पैसे किमतीतून कापा.

मालक खरं सांगेलच असं नाही. गाडी सांगते. खिशात एक चुंबक ठेवा आणि हौद्याच्या कोपऱ्यातल्या धुळीत फिरवा: लोखंडाची बारीक कीस चिकटली तर फौंड्री. केबिनमधलं पायपुसणं उचलून बघा, खाली लाल माती साचलेली असेल तर वीटभट्टी. फाळक्याच्या बिजागऱ्यांत पापुद्र्यांसारखे पांढरे-तांबडे पोपडे सुटले असतील तर मासळी. आणि शेजारच्या पानपट्टीवर एक चहा प्या. “ही गाडी कशावर होती हो काका?” एवढं विचारलं की तिचा सगळा इतिहास कळतो.

गाडी बघायला सकाळी जा

फोनवर सांगा, “मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका.” गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय आणि त्याला कारण असणार. बेळगावच्या डिसेंबरच्या थंडीत पहाटे एका सेल्फमध्ये चालू होणारं डिझेल इंजिन अर्धी परीक्षा पास झालेलं असतं.

चालू करण्याआधी ऑइलची पट्टी काढा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी मिसळतंय. तिथूनच परत फिरा. रेडिएटरमधल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तरी तेच.

चालू झाल्यावर धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा येऊन जातो. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल पितंय. रेस दिल्यावर काळाकुट्ट ढग निघाला तर नोझल, पंप किंवा टर्बोचं काम. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी हवा येतेच, पण झाकण उडायला लागलं, धुराचे झोत यायला लागले तर मिस्त्री म्हणतात तसं इंजिन “बॅक मारतंय”. म्हणजे पिस्टन-रिंगचं काम आणि तुमचे राखून ठेवलेले पैसे एका दमात गेले.

मग खाली झोपा. कपडे खराब होतात, होऊ देत. मी पहिल्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो, म्हणून खाली वाकलो नाही. त्या शर्टाची किंमत काय पडली ते वर लिहिलंय. चासीची पट्टी पुढून मागपर्यंत नजरेनं आणि हातानं तपासा. केबिन आणि हौदा यांच्या मधली जागा आणि मागच्या पाट्यांचे हँगर या दोन ठिकाणी चासी आधी तडकते. वेल्डिंगची नवी रेघ, पट्टी मारून जाड केलेली जागा, एवढ्याच भागावर ताजा काळा रंग, हे सगळं तुमच्यापासून लपवायला केलेलं असतं. छोट्या हातोडीनं हलकं ठोका: निरोगी लोखंड खणखणतं, गंजलेलं ‘भद्’ करतं. पाटे मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा नवा किंवा वेगळ्या जाडीचा असेल तर गाडी ओव्हरलोडची.

चासी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा, सगळी सतरा. अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर सौदा विसरा. इंजिन नंबरही बघा, कारण इंजिन बदललं असेल तर आरसीवर तशी नोंद हवी.

टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी खोल असूनही टायर म्हातारा असू शकतो. पुढचे टायर एकाच कडेला झिजले असतील तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा अलाइनमेंट बघायला हवं. मीटरवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकचकीत आणि मीटर साठ हजार? कुणीतरी काटा मागं फिरवलाय.

चालवून बघा, भरून बघा

मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून काही कळत नाही. बेळगावची गाडी असेल तर वंटमुरीच्या चढाला न्या, निपाणीकडची असेल तर तवंदी घाटाला. शक्य असेल तर अर्धा टन काहीतरी भरून. मालक कुरकुरेल. डिझेलचे पैसे तुम्ही द्या.

चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकतोय का, रेस वाढली तरी वेग वाढत नाही असं होतंय का, ते बघा. दुसरं झालं तर क्लच घसरतोय. हे सपाटीवरही कळतं: हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट संपली. उतरणीवर गिअरमध्ये ठेवून रेस सोडा, गिअर आपोआप निसटतो का बघा. गाडी हलताना खालून ‘टक्’ आवाज आला तर जॉइंट क्रॉस (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा), तो खर्च किरकोळ. चाळीस-पन्नासच्या वेगाला मागून हुंकार यायला लागला आणि रेस सोडल्यावर बदलला, तर हाउसिंग. हा खर्च किरकोळ नाही.

एवढं सगळं करूनही आपला मिस्त्री एकदा दाखवायला न्यावाच. ऑटोनगरातला असो की गावातला, त्याला दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री नको, हे सांगायला लागू नये.

कागद

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून मालकाचं नाव, विम्याची आणि फिटनेस सर्टिफिकेटची मुदत, गाडीवर कर्ज आहे का, हे आधी घरबसल्या बघा. इ-चलन वेगळं तपासा. सीमाभागातल्या गाडीवर दोन्ही राज्यांची चलनं साठलेली असू शकतात.

फिटनेसकडं खास लक्ष द्या. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढं दरवर्षी. मुदत टळली की उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा फी नियमात आहे. वर्षभर संपलेलं फिटनेस म्हणजे १८,२५० रुपयांचं ओझं, आणि ते कुणी भरायचं हे सौद्याआधी ठरवायचं असतं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फिटनेस फी कितीतरी वाढते. मी तशी गाडी बघायलाही जात नाही.

आरसीवर फायनान्सची नोंद असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. “दोन हप्तेच राह्यलेत, तुम्ही भरा आणि गाडी चालवा” हे वाक्य ऐकलं की उठा. हप्ते चुकले तर गाडी तुमच्या दारातून उचलतील आणि तुमच्याकडं दाखवायला काहीच नसेल.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. “सह्या करून देतो, तुम्ही सवडीनं करा” असं विकणारा म्हणाला तर त्यालाच समजावा: अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. हे कळलं की तोच तुम्हाला घेऊन आरटीओत धावतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, तेव्हा “बोनसवाला विमा आहे” म्हणून त्यानं किंमत वाढवली तर हसा.

सौदा

दुरुस्तीची यादी मिस्त्रीकडून आकड्यांसकट लिहून घ्या आणि ती समोर ठेवूनच बोला. टोकन पाच-दहा हजारांवर नको, आणि त्याची लेखी पावती हवी: कागदात गडबड निघाल्यास टोकन परत, असं त्यात लिहून घ्या. बाकी बँकेतून. दोन लाख किंवा त्यावरची रक्कम एका व्यवहारात रोखीनं घेणं आयकर कायद्यानं बंद आहे, आणि बँकेची नोंद हा तुमचाही पुरावा. ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळच्या चलनाचं भांडण संध्याकाळी होतं.

पहिला आठवडा

इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग, तिन्हीचं ऑइल बदला. सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला, चाकांचे बेअरिंग उघडून ग्रीस भरा. मालक “परवाच केलंय” म्हणाला असेल तरीही. पहिले आठ दिवस अर्धाच माल भरा, लांबची फेरी नको, आणि जॅक, पाना, स्टेपनी खरोखर चालते का ते घरासमोर उतरवून बघा, कणकुंबीच्या पावसात नव्हे.

आणि फास्टॅग. काचेवरचा जुना काढून आपल्या नावाचा नवा लावा, जुन्या मालकाला त्याचा बंद करायला सांगा. मी हे विसरलो होतो. महिन्याभरानं गणेबैलच्या टोलवरून जेमतेम पुढं गेलो आणि निपाणीच्या त्या दूधवाल्याचा फोन आला, “काय भावा, गोव्याला निघालास वाटतं? पैसे माझे गेले की रं!”